जुनी गाडी म्हणजे काय कचराकुंडी आहे का?

"जुनी गाडी आहे साहेब, एवढं टाकून घ्या." हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं ना, तर मी तोंड आवरणार नाही, आधीच सांगतो.

माझी मारुती ८०० घाटात गरम होते. काटा वर जातो, गाडी उभी केली की खाली थेंब थेंब ठिबकतं. म्हणजे कुठून तरी गळतंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मग आधी कुठून गळतंय ते बघायचं की नाही? नाही! जो भेटतो त्याला रेडिएटरचं झाकण उघडून आत काहीतरी ओतायचंच असतं.

एका गॅरेजात मी फोनवर बोलत होतो, तेवढ्यात पठ्ठ्यानं चमचाभर हळद टाकलीसुद्धा. हळद! लग्न आहे का गाडीचं? विचारलं तर म्हणे, "दादा, बारीक लिकेज आपोआप बंद होतं." होतं ना, खोटं कशाला बोलू. पण गळतीचं भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे त्या हळदीला कोण सांगणार? जिथे वाट अरुंद दिसेल तिथे ती जाऊन बसणार. आधीच त्या नळ्या क्षाराने निम्म्या भरलेल्या. दुकानातली 'लीक बंद करणारी' बाटली तरी काय वेगळी? कशात सोडियम सिलिकेट, कशात बारीक तंतू. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय, तर ठीक आहे, टाका. पण तीच दुरुस्ती म्हणून गळ्यात मारायची आणि वर पैसे घ्यायचे?

दुकानदारांची तऱ्हा आणखी वेगळी. "कूलंट हिरवं देऊ का लाल?" कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळून रेडिएटरमध्ये घालतात ते. अरे, रंगावर काय आहे? रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. आत काय आहे ते बघा. एकात सिलिकेट, दुसऱ्यात सेंद्रिय आम्लं. दोन्ही एकत्र ओतलं की गंजापासूनचं संरक्षण कमी होतं आणि कधी कधी आत चिकट गाळ धरतो. वर सल्ला काय, तर "पाणी घालूच नका, प्युअर टाका, इंजिन जास्त थंड राहील." साफ खोटं! उष्णता वाहून न्यायला ग्लायकॉलपेक्षा, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनापेक्षा, पाणीच सरस. निम्मं-निम्मं केलं की ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, पण सोलापूरच्या माणसाला त्याचं काय कौतुक? आपल्याला हवंय ते गंज रोखणं आणि उकळबिंदू काही अंश वर नेणं. त्यासाठी डिस्टिल्ड वॉटर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट पुरतं. पण मॅन्युअल वाचतो कोण! गॅरेजात शेवाळलेला ड्रम असतो, त्यात बोअरचं पाणी, आणि "चालतंय हो"!

थर्मोस्टॅटचं, म्हणजे तापमान बघून रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचं, तर विचारूच नका. आधीच्या कुठल्या तरी मिस्त्रीनं तो काढून फेकला होता. कारण? "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?" अहो, तो बर्फासाठी नसतो! साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडून इंजिन योग्य तापमानाला ठेवणं हे त्याचं काम. तो नसला की सकाळी इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त पितं, ऑइल लवकर खराब होतं. म्हणजे गाडी घाटात गरम आणि सकाळी थंडगार. वा रे डोकं!

शेवटी मीच टॉर्च घेऊन खाली वाकलो. वॉटर पंपाच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब बाहेर पडतात. तिथून खालपर्यंत वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा ओघळ स्पष्ट दिसत होता. आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर? कडक होऊन तडकलेलं. झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, हे शाळेत प्रेशर कुकरच्या धड्यात शिकवतात. दाब धरला नाही की पाणी उकळून बाहेर. पण झाकण बदलण्यात मजुरी सुटत नाही आणि पंप काढायचा म्हणजे हात काळे करावे लागतात. बाटली ओतायला काय, एक मिनिट!

उद्या गरम होऊन होऊन इंजिनच्या वरचं ॲल्युमिनियमचं हेड वाकलं, त्याखालचं गॅस्केट (सांधा बंद ठेवणारी पट्टी) उडालं, की हेच लोक म्हणणार, "आता काढून टाका साहेब, जुनी झाली."

आणि काढलेलं कूलंट कुठे ओततात? गॅरेजसमोरच्या गटारात! ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं. थोडंसं चाटलं तरी कुत्र्याची किडनी जाते. ज्या कुत्र्याला रोज बिस्किटं घालतात, तो तिथेच दोन हातांच्या अंतरावर झोपलेला. म्हटलं, कॅनमध्ये भरून ठेवा रे. तर पोरं फिदीफिदी हसायला लागली.