दुप्पट पिकवलं म्हणून भूक मिटत नाही

खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज परत फिरू लागलाय. मजकूर थोडक्यात असा: 2050 साली जगाची लोकसंख्या हजार कोटी होणार, अन्न दुप्पट पिकवलं नाही तर लोक उपाशी मरणार. सेंद्रिय, शाश्वत वगैरे पोट भरलेल्यांची थेरं आहेत, श्रीलंकेने करून बघितलं आणि देश बुडाला. शास्त्रज्ञही सांगतात की खत जास्त, पीक एकच, उतारा जास्त. शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

‘दुप्पट’पासून सुरुवात करू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2009 मध्ये 70 टक्के वाढीचा अंदाज दिला होता आणि 2012 मध्ये तो 60 टक्क्यांवर आणला. हे दोन्ही अंदाज 2005-07 च्या उत्पादनावर बेतलेले आहेत, आजच्या नाही. म्हणजे त्यातली बरीच वाढ होऊनही गेली. लोकसंख्येचा अंदाजही सुमारे 970 कोटींचा आहे. एवढी सूट मेसेजवाल्यांना देऊन टाकू.

आज जगात वर्षाला 280 कोटी टनांहून अधिक तृणधान्य पिकतं. माणशी वाटलं तर रोज साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास. रेशनवर महिन्याला माणशी 5 किलो मिळतात, म्हणजे दिवसाला 165 ग्रॅम; त्याच्याशी ताडून बघा. तरीही 2024 मध्ये 67 कोटींहून अधिक लोक भुकेले होते. मग बाकीचं धान्य जातं कुठं? मोठा वाटा जनावरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये. शिवाय दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून 2022 मध्ये 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं साठ टक्के घरांतून. सुदानमध्ये 2024 साली दुष्काळ जाहीर झाला तो युद्धामुळे. तिथल्या माणसाला आपल्या एकरी उताऱ्याचा काय उपयोग?

लांब कशाला जायचं, आपल्या कर्नाटकातली मोफत तांदळाची ‘अन्नभाग्य’ योजना आठवा. 2023 मध्ये राज्य सरकारला माणशी आणखी 5 किलो तांदूळ द्यायचा होता. केंद्राच्या गोदामात साठा गरजेपेक्षा जास्त होता, पण राज्यांना खुल्या बाजार योजनेतून तांदूळ विकणं त्याच जूनमध्ये बंद झालं. बाजारभाव आवरायचे म्हणून, असं केंद्राचं म्हणणं. मग राज्याने किलोला 34 रुपये धरून माणशी 170 रुपये खात्यात टाकले आणि तांदूळ परत सुरू झाला तो 2025 च्या फेब्रुवारीत. दीड वर्ष अडलं ते तांदूळ पिकला नाही म्हणून नव्हे. शेतकऱ्याने तेव्हा दुप्पट भात काढला असता तरी तो त्याच गोदामात जाऊन पडला असता.

आणि नुसतं पोट भरणं म्हणजे भूक मिटणं असंही नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत, चिकोडी-रायबागकडे ऊस भरघोस येतो. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातली पाच वर्षांखालची 35.4 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. उसाचं टनेज वाढवून हा आकडा खाली येणार नाही. त्याला डाळ लागते, अंडं लागतं, भाजी लागते आणि ती घ्यायला हातात पैसा लागतो.

आता श्रीलंका. हा मेसेजमधला सगळ्यात दमदार मुद्दा आहे आणि तो अर्धा खराही आहे. तिथल्या सरकारने एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. भाताचं उत्पादन घसरलं, चहाला फटका बसला आणि नोव्हेंबरात निर्णय गुंडाळावा लागला. पण देश बुडाला तो डॉलर संपल्याने: करकपात, परदेशी कर्ज, कोरोनात आटलेलं पर्यटन. खतबंदीमागेही परकीय चलन वाचवण्याचा हेतू होताच. एका हंगामात सगळ्या देशाचं खत तोडायचं, असं शाश्वत शेतीचा कुठला अभ्यासक सांगतो?

सेंद्रिय शेतीत उतारा कमी येतो, हे मात्र खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 115 अभ्यास एकत्र तपासून 2015 मध्ये निघालेला निष्कर्ष सरासरी 19 टक्के घट दाखवतो. पण मिश्र पीक आणि पीकफेर केली तर तीच घट 8-9 टक्क्यांवर येते. हे वाचून येळ्ळूर-वडगावच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हसू येईल. भातकापणी झाली की ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, पुढच्या भाताला त्याचा आधार होतो, वर घरात डाळ येते. ‘पीक एकच’ म्हणणारा मेसेज नेमकं हेच मोडायला सांगतो.

खत जास्त म्हणजे उतारा जास्त, हेही तपासून झालंय. 2009 पासून राज्याने हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेला सोबत घेऊन ‘भूचेतना’ योजना राबवली. माती तपासली तेव्हा जस्त, बोरॉन, गंधक कमी असल्याचं जागोजागी आढळलं. ती कमतरता भरून काढल्यावर उतारा वाढला. पावणेतीनशे रुपयांच्या आत युरियाचं पोतं मिळतं म्हणून आणखी एक फेकल्याने जस्त येत नाही.

‘शास्त्रज्ञ सांगतात’ म्हणायचं तर भूक कशी संपवता येईल हे शोधणारा सेरेस 2030 हा आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्प बघावा. लाखाहून जास्त शोधनिबंध चाळून 2020 मध्ये त्यांनी सांगितलं की 2030 पर्यंत भूक संपवायला दरवर्षी 33 अब्ज डॉलर जादा लागतील. शिफारशींत शेतकऱ्यांच्या संघटना, काढणीनंतरची नासाडी थांबवणं, हवामानाला टिकणारी वाणं, चारा आणि गरिबांना थेट आधार आहे. चाळलेलं बहुतेक संशोधन लहान शेतकऱ्याच्या कामाचं नाही, ही त्यांचीच तक्रार.

जाता जाता, शाश्वत शेतीच्या, म्हणजे आपल्याच बाजूचे लोक ‘लहान शेतकरी जगाचं 70 टक्के अन्न पिकवतो’ असं ठोकून देतात. तेही थांबवा. दोन हेक्टरांखालच्या शेतांचा वाटा साधारण एक तृतीयांश निघतो, आणि तो काही कमी नाही.

उतारा वाढवायलाच हवा अशी ठिकाणं आहेत. आफ्रिकेतल्या अनेक देशांत एकरी पीक इतकं तोकडं आहे की तिथं थोडं खत आणि चांगलं बियाणं मोठा फरक पाडतं. बेळगावात मात्र उत्पादन कुठं जातंय ते डोळ्यांसमोर आहे. दर पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगतो आणि शहापूर-येळ्ळूर शिवारातला रोवलेला भात कुजतो. हलगा-मच्छे बायपासमध्ये तिबार पिकाची जमीन गेली. कोबीचा दर पडला की उभ्या पिकात जनावरं सोडावी लागतात. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना उत्पादनाची खरंच काळजी असेल, तर नाल्याचा गाळ पावसाआधी काढा, हे निवेदन घेऊन त्यांनी आमच्याबरोबर यावं.