केकावरची गोड बाय

परवा शुक्रवारी, अख्ख्या ऑफिसच्या देखत, साहेबांनी मला ‘गुडबाय’चं स्पेलिंग शिकवलं. जी, ओ, ओ, डी. एकेक बोट दुमडत. ज्या साहेबांची पत्रं मी अकरा वर्षं गुपचूप दुरुस्त करून टाइप करतोय, त्या साहेबांनी. अजून छातीत जळजळतंय. केक एगलेस होता, तेव्हा केकाचा दोष नसावा.

आमचे हेडक्लार्क अण्णा ३८ वर्षांच्या नोकरीनंतर रिटायर झाले. माणशी ५० रुपये वर्गणी ठरली, दोन किलोचा केक ठरला, आणि “तुमचं इंग्रजी चांगलं आहे” म्हणून तो आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. चांगल्या इंग्रजीचा आणि ब्लॅक फॉरेस्टचा संबंध काय, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं.

केकवाल्याच्या काउंटरवरच्या पोराने पावतीबुक ओढलं. “मेसेज?”

“गुडबाय अण्णा.”

त्याने लिहिलं. मी वाकून पाहिलं. बी, यू, वाय.

“अरे, ही तर खरेदी झाली.”

“खरेदीच आहे ना काका. बाराशे रुपये.”

शहाणा माणूस स्पेलिंग सांगून घरी गेला असता. पण आदल्याच रात्री मी या शब्दासाठी जाडा शब्दकोश उघडून बसलो होतो आणि ते ज्ञान घरात कुणीही ऐकून घेतलं नव्हतं.

“तसं तुझंही अगदीच चूक नाही,” मी म्हणालो. “शेक्सपियरच्या नाटकांचा मोठा संग्रह १६२३ साली छापला, त्यात ‘गॉड बाय यू’ असं आहे. हाच बाय, खरेदीचा.”

“मग राहू दे?”

“नको! मूळ वाक्य होतं ‘गॉड बी विथ यू’. देव तुझ्याबरोबर असो. निघताना माणसाला घाई असते, म्हणता म्हणता त्याचं एवढंसं झालं. आणि ‘गुड डे’, ‘गुड नाइट’ यांच्या संगतीला लागून गॉडचा गुड झाला.”

“म्हणजे देव काढला?”

“काढला नाही रे. झिजला.”

पोराने गल्ल्यावरच्या गणपतीकडे एकदा बघून घेतलं. “मग देव घालून देऊ का? चार्ज सेमच आहे.”

एवढ्यात माझ्या मागे उभ्या असलेल्या बाई पुढे सरकल्या. त्या नातवाच्या डायनासोरसाठी आल्या होत्या. “मी म्हणते, बाय लिहायचंच कशाला? बाय म्हटलं की माणूस गेल्यासारखं वाटतं. आपल्यात ‘येतो’ म्हणतात.”

हे खरंच होतं. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. आणि जाताना जातो म्हणायची सोय नाही.

“‘येतो अण्णा’ लिहू?” पोरगा.

“अरे, अण्णा चाललेत. केक कुठे चाललाय?”

“मग ‘या अण्णा’,” बाई म्हणाल्या.

“मराठी काढणारा कारागीर गावाला गेलाय.”

“मग फेअरवेल लिहा की. आमच्या सुनेच्या शाळेत तेच लिहितात.”

“बाई, त्यातला फेअर म्हणजे प्रवास. बसच्या भाड्याला फेअर म्हणतो ना, तोच. फेअरवेल म्हणजे नीट प्रवास कर. अण्णांचं घर ऑफिसच्या समोर आहे. रस्ता ओलांडला की पोचले.”

“मग रस्ता नीट ओलांडा,” बाई म्हणाल्या.

रांग वाढली होती. मी इथे थांबायला हरकत नव्हती. पण मी म्हणालो, “आणि गंमत सांगू?” हे तीन शब्द ज्या माणसाच्या तोंडून निघतील त्याच्यापासून लोकांनी पळावं.

“१५७३ च्या सुमाराला केंब्रिजच्या गेब्रिएल हार्वी नावाच्या पंडिताने पत्रात लिहिलंय, तुझ्या गॅलनभर गुडबायांच्या बदल्यात मी अर्धा गॅलन ‘हाउडी’, म्हणजे ‘कसं काय’, परत पाठवतो. निरोपसुद्धा मापाने! आणि स्पेलिंग कसं केलंय, बघ.” मी त्याच्याच पेनाने त्याच्याच पावतीच्या पाठीवर लिहून दाखवलं: जी, ओ, डी, बी, डब्ल्यू, वाय, ई. खाली, अति झालं म्हणून, एक रेघही ओढली.

“गॅलन म्हणजे किती लिटर?” बाई.

“चारेक धरा.”

“आणि माझा डायनासोर किती वाजता?”

पोराने पावती फाडली आणि खिळ्याला टोचली. पाठ वर करून. हे मी पाहिलं होतं. पाहून खूश होऊन घरी चाललो होतो. वाटेत तर मला आणखी सुचत होतं, की फ्रेंचांचा आद्यू म्हणजे ‘देवाच्या हवाली’, पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेलं अदेउसही तेच. त्या सगळ्यांनी निरोपाचं ओझं देवावर टाकलंय, आपण मात्र स्वतः परत यायचं कबूल करून बसतो. ऐकायला कुणी नव्हतं, नाहीतर तेही सांगितलं असतं.

शुक्रवारी खोकं उघडलं. गुलाबी क्रीम, वळणदार अक्षरं. १५७३ चं स्पेलिंग, एकही चूक नाही. खाली रेघसुद्धा.

साहेबांनी चष्मा लावला. काढला. पुसला. “गॉड... ब... वाय? हे काय हो? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” आणि मग ती बोटं.

अण्णांची आई अलिबागहून आली होती, वय पंच्याऐंशी, खुर्ची अगदी केकासमोर. तिने नातीला विचारलं, काय लिहिलंय? नातीने साहेबांचं ऐकून सांगितलं, “गॉड बाय.”

“गोड बाय?” म्हातारी ताठ झाली. “कोन गो ही गोड बाय?”

अण्णांच्या बायकोनेही मग अण्णांकडे पाहिलं.

हसा. सगळे हसलेच. पण पुढच्या चाळीस मिनिटांच्या भाषणात साहेबांनी अण्णांचं आडनाव दोनदा चुकवलं. अडतीस वर्षं मस्टरवर जे पहिलं लिहिलं जात होतं ते आडनाव. त्याची बोटं कुणी मोजली नाहीत. टाळ्या पडल्या, शाल पडली, नारळ पडला, आणि माझ्या केकाचा अक्षरांचा भाग कुणीतरी आधी कापून साहेबांच्याच बशीत घातला. देव त्यांच्याबरोबर गेला.

अण्णा भाषणाला उभे राहिले आणि एकच शब्द बोलले. “येतो.”

सोमवारी सव्वादहाला आले. डबा घेऊन नव्हे, एवढं नशीब. त्यांच्या खुर्चीवर प्रिंटरची खोकी ठेवली होती, म्हणून माझ्यासमोर भेटायला येणाऱ्यांच्या स्टुलावर बसले आणि खिशातून वर्गणीची यादी काढली. ती त्यांना कुठे मिळाली, कोण जाणे.

“चोवीस गुणिले पन्नास, बाराशे. जमा साडेनऊशे. अडीचशे तुझ्या खिशातले गेले?”

मी गप्प.

“यादी मस्टरवरून उतरवलीस ना? त्यात माझं पण नाव आहे. माझ्याकडे कुणी मागितलेच नाहीत.” त्यांनी पन्नासची नोट टेबलावर ठेवली, यादीत स्वतःच्या नावापुढे टिक केली, आणि रस्ता ओलांडून घरी गेले.

आता चार नावं उरलीत. पहिलं साहेबांचं आहे. ते देतो म्हणालेत.