दोन अवघड भाषा, एकाच पदवीत

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला आणि जूनअखेर मागेही घेतला गेला. आमच्या मँचेस्टरच्या मराठी ग्रुपवर मात्र भांडण थांबलं नाही. मुद्दा एकच, पोरांच्या डोक्यावर किती भाषा लादायच्या? सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा नको, हे मलाही पटतं. पण याच ग्रुपमधल्या एका मुलीने विद्यापीठात चिनी आणि रशियन एकत्र घेतल्या, तेव्हा तोच 'ओझ्या'चा मुद्दा तिलाही ऐकवण्यात आला. ती अठरा वर्षांची, विषय तिने स्वतः निवडलेले. इथे माझं ग्रुपशी जमत नाही.

दोन्ही भाषा शून्यापासून, चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं तिसरं वर्ष परदेशी. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना रशियनसाठी सुमारे ४४ आठवडे देते, चिनीसाठी ८८. म्हणजे मेहनत आहेच. पण फ्रेंच आणि स्पॅनिश एकत्र शिकणाऱ्याची जशी गल्लत होते तशी इथे होत नाही. रशियनची ३३ अक्षरं आठवड्याभरात येतात, मग सहा विभक्त्या आणि क्रियापदांच्या जोड्या (एक पूर्ण क्रियेसाठी, एक अपूर्ण) घाम काढतात. चिनीत क्रियापद कधी बदलतच नाही, लिंग नाही, विभक्ती नाही; सगळी कसरत सुरांची (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो) आणि चित्रलिपीची.

त्यात मराठी मुलाला थोडी आघाडीही मिळते. रशियनमधली तीन लिंगं पाहून इंग्रज वर्गमित्र गांगरतात, आपण ती घेऊनच मोठे झालेलो. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा फरक अर्थ बदलतो, तो इंग्रजी कानाला मुद्दाम शिकवावा लागतो. 'चमचा' म्हणताना येणारा 'त्स'सारखा च तर दोन्ही भाषांत भेटतो. सूर मात्र आपल्यालाही नव्यानेच शिकावे लागतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर ब्रिटनमधली रशियनची मुलं मॉस्कोऐवजी कझाकस्तानातल्या अल्माटीला, किर्गिझस्तानातल्या बिश्केकला, आर्मेनियातल्या येरेव्हानला जाऊ लागली. मला हा फायदाच वाटतो. कझाकस्तानात रशियन चालते आणि चीनच्या सीमेवर खोर्गोसला चिनी मालाचे कंटेनर एका रेल्वेतून दुसऱ्या रेल्वेत चढतात. त्याच भागात दुंगान नावाचे लोक आहेत, चिनीचीच एक बोली बोलतात आणि ती रशियन लिपीत लिहितात! या दोन भाषांची सांगड कुणा प्राध्यापकाच्या डोक्यातून निघालेली नाही.

आता घरचं. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन आहे, मुंबई विद्यापीठातही आहे. दिल्लीच्या जेएनयूत रशियन आणि चिनी एकाच विद्याशाखेत शिकवतात, पण पदवी एका भाषेची. नव्या शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात शाळेत शिकवायच्या परकीय भाषांमध्ये चिनीचं नाव होतं. गलवाननंतर दीड महिन्याने, जुलै २०२० मध्ये आलेल्या अंतिम धोरणात रशियन आली, चिनी गेली. ज्याच्याशी सीमेवर झटापट झाली त्याची भाषा नेमकी तेव्हाच यादीतून काढणं मला अनाकलनीय वाटतं. त्याचे सरकारी कागद आपण इंग्रजी भाषांतरातून वाचायचे का? १९३८ साली चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस तिथे चिनी शिकले, तीही भर युद्धात.

ब्रिटन म्हणजे भाषांचं नंदनवन असंही नाही. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये चौदा वर्षांपुढच्या मुलांची परकीय भाषेची सक्ती उठवली, 'ओझं' कमी केलं. त्यानंतर भाषा घेणारी मुलं घटत गेली. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीन आणि २०२५ मध्ये वेल्सच्या कार्डिफ विद्यापीठात भाषांच्या पदव्यांवर कुऱ्हाड चालवायचे प्रस्ताव आले, विरोध झाल्यावर थोडे मवाळ झाले. ओझं उतरवा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

"पॅकेज किती?" हा ग्रुपवरचा पुढचा प्रश्न. खात्रीचं उत्तर नाही. इंजिनिअरिंग करणाऱ्यालाही आता ते कुणी देत नाही.

पहिलीतल्या हिंदीवर इतकी शक्ती खर्च होते, मग अठराव्या वर्षाबद्दल कुणीच का बोलत नाही? नव्या धोरणाने पदवी चार वर्षांची करायची मुभा दिलीच आहे. पुण्यात रशियनचे शिक्षक आहेत. चिनीचे नेमा, दोन्ही एका पदवीत बसवा, आणि एक सत्र अल्माटीला पाठवा. मुंबईहून ते मँचेस्टरपेक्षा बरंच जवळ आहे.