खातोय म्हणजे मजेत आहे, असं कोणी सांगितलं?

"कुत्र्याला मेंदूचा आजार आहे? मग हे पाच मुद्दे वाचाच" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. इतके दिवस दुर्लक्ष करत होते, पण काल मावसबहिणीने तोच पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, गोळ्या बंद करू का गं?" तिच्या कुत्र्याच्या मेंदूत गाठ आहे, स्टिरॉइड आणि फिटची गोळी दोन्ही चालू आहेत. आता गप्प बसणं शक्य नाही.

मुद्दा पहिला, आणि सगळ्यात घातक. "जोवर तो आवडीने जेवतोय तोवर तो आनंदी आहे, बाकी काही बघू नका." अरे बाबांनो, फिटसाठी देतात ती फेनोबार्बिटल आणि मेंदूची सूज कमी करायला देतात ते प्रेडनिसोलोन नावाचं स्टिरॉइड, या दोन्हींनी भूक वाढते! म्हणजे वाढते कशी, तर कचऱ्याचा डबा उपसेपर्यंत. असा कुत्रा रात्रभर एकाच दिशेने गोल गोल फिरत असेल, कोपऱ्यात अडकला तर मागे यायचं सुचत नसेल, घरातल्या माणसाला ओळखत नसेल, तरी ताट चाटूनपुसून साफ करेल. ती भूक गोळीची आहे, तिच्यावरून मनाचा अंदाज कसला बांधताय? आणि भिंतीला डोकं टेकवून, दाबून उभा राहत असेल तर भरलेलं पोट बघून निवांत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मेंदूला स्वतःला दुखणं कळत नाही, पण त्याच्या आवरणांना कळतं, आणि कवटीतला दाब वाढला की दुखतं.

अॅलिस व्हिलालोबोस या कॅन्सरवर काम करणाऱ्या पशुवैद्य बाईंनी २००४ साली एक मोजपट्टी दिली, ती आजही बरेच डॉक्टर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी ० ते १० मार्क द्यायचे, बेरीज ३५ च्या वर असली तर ठीक चाललंय असं धरायचं. बघा, सातातली भूक ही फक्त एक! आणि माझं म्हणाल तर या गोळ्या चालू असताना भुकेचे मार्क जरा हात राखूनच द्यावेत. त्यापेक्षा रात्रीची झोप, माणसांची ओळख, फिरायला जाताना स्वतःहून दाराशी येतो का, फिट आल्यावर किती वेळाने भानावर येतो, हे रोज कॅलेंडरवर लिहा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात गेल्यावर नेमका शहाण्यासारखा वागतो.

दुसरा मुद्दा, "फिटमध्ये त्याला मरणयातना होतात." अंगभर झटके येतात तेव्हा तो शुद्धीवर नसतो. त्रास असतो तो नंतरचा, गोंधळ, भीती, कधी थोडा वेळ न दिसणं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली किंवा २४ तासांत दोन आल्या तर मात्र इमर्जन्सी. आणि त्या "तोंडात चमचा घाला"चं काय करावं कळत नाही, जीभ गिळली जात नाही हो, तुमचं बोट तेवढं जाईल.

"गोळ्यांनी लिव्हर जातं." हां, यात थोडं तथ्य आहे, फेनोबार्बिटलचा लिव्हरवर ताण येऊ शकतो आणि म्हणूनच ठराविक काळाने रक्त तपासतात. पण पुढचं वाक्य "म्हणून लगेच बंद करा" हे भयानक आहे, एकदम बंद केली तर फिट आणखी जोरात उलटतात. बहिणीला सगळ्यात आधी हेच सांगितलं.

"मान वाकडी झाली, तोल गेला, म्हणजे संपलं." नाही. म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये बऱ्याचदा हा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा घोळ असतो आणि दोन-तीन आठवड्यांत पुष्कळसा निवळतो, मान थोडी तिरकी राहिली तर राहते. आधी तपासून तर घ्या!

राहिलं शेवटचं, "वेळ आली की तो डोळ्यांनी सांगतो." ज्याचा मेंदूच आजारी आहे, जो तासभर भिंतीकडे बघत बसतो, त्याच्या नजरेत काय वाचणार तुम्ही? त्याला कायमचं झोपवायचं कधी, हा निर्णय आपला आहे, तो त्याच्यावर ढकलू नका. त्याचं बरं चाललंय तेव्हाच डॉक्टरांबरोबर बसून ठरवा की कोणत्या दोन-तीन गोष्टी गेल्या की थांबायचं, आणि ते कागदावर लिहा, कारण ऐन वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.