रेघ काही हलेना

रात्री दीड-दोनच्या सुमाराला आमच्या घरात हाक येते. "बाबा, पाय." बस्स, दोन शब्द. क्रियापदाचा पत्ता नाही. दिवसा हीच मुलगी एका दमात चाळीस वाक्यं बोलते आणि मधे कुणाला शिरकाव करू देत नाही. रात्री मात्र तार केल्यासारखी बोलते, जणू शब्दाला पैसे पडतात.

हाकेत 'आई' का नाही, याचा मी बराच पाठपुरावा केला. बायकोचं म्हणणं असं, की पहिल्या रात्री जो उठला त्याच्या नावावर ते खातं उघडलं, आता बदल होणार नाही. त्या रात्री जरा जोरात घोरलो असतो तर आज आयुष्य वेगळं असतं.

तर मी उठतो. अंधारात चाचपडत पलंगाच्या कडेला नडगी आपटून घेतो (घरात त्या क्षणी खरा पाय दुखत असतो तो माझा), आणि विचारतो, "कुठला?" उत्तर येतं, "हा." अंधारात 'हा' म्हणजे कुठला ते ज्याचं त्याने ओळखायचं. मी पोटरी चेपायला घेतो. "तिथे नाही, वर." मी गुडघ्याच्या मागे जातो. "आता मांडीत गेलं." मी मांडी धरतो. "आता दुसऱ्या पायात." दुखणं पुढे आणि मी त्याच्या मागे, अशी आमची वरात अर्धा तास चालते. मग तिचा श्वास संथ होतो. मी हळूच हात सैल करतो, तर मिटल्या डोळ्यांनी फर्मान सुटतं, "थांबलास." झोपलेल्या माणसाला हे कळतं कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

आणि सकाळी? सकाळी तेच दोन पाय सोफ्यावरून जमिनीवर, जमिनीवरून परत सोफ्यावर. मी डोळे चोळत विचारतो, "काय गं, दुखतोय का पाय?" ती थबकून माझ्याकडे बघते. "कुठला पाय?" झालं. साक्षीदार फितूर. बायको रात्रभर गाढ झोपून टवटवीत चेहऱ्याने विचारते, "रात्री काही झालं का?" लंगडत मी चालतोय, अंगठे माझे ठणकताहेत, आणि पुरावा म्हणाल तर शून्य.

साहजिकच पहिले काही दिवस मला वाटलं, नाटकं आहेत सगळी. पण एका रात्री ती हाक न मारता रडत होती. उशीत तोंड खुपसून, डोळे घट्ट मिटून. नाटक करणारं पोर आधी प्रेक्षक आलेत का ते बघतं. इथे प्रेक्षक पाणी प्यायला उठला म्हणून त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मधल्या काळात मी रात्री तीन वाजता मोबाइलवर जे जे वाचलं त्याबद्दल न बोललेलंच बरं. तीन वाजता साधी शिंकही गंभीर निघते.

तपासणीच्या टेबलावर बसून बाईसाहेब पाय हलवत होत्या. डॉक्टर प्रश्न विचारत होते. एकच पाय दुखतो का दोन्ही? सकाळी लंगडते का? सांधा सुजतो का, ताप येतो का, वजन कमी झालंय का? खेळणं सोडलंय का? मी सगळ्याला "नाही" म्हणत गेलो आणि दर नकाराबरोबर उगाचच तक्रार घेऊन आलेला माणूस दिसू लागलो. मग त्यांनी विचारलं, "दुखतं तेव्हा हात लावू देते?"

"लावू? काढू देत नाही."

ते हसले. म्हणाले, "मग बरं आहे." सांध्याला सूज असेल, हाडात काही बिघाड असेल, तर मूल पायाला हात लावू देत नाही. हे दुखणं उलट चेपून मागतं. त्यांनी गुडघे, खुबे वाकवून पाहिले, तिला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं. तिने न सांगता वर एक गिरकीही घेऊन दाखवली. एक्स-रे नको, रक्ततपासणी नको. "वाढीचं दुखणं आहे. ग्रोइंग पेन्स. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांत बरंच दिसतं. चेपा, शेका, फारच झालं तर वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन लहान मुलांना द्यायचं नाही. सतत एकच पाय दुखायला लागला, सकाळीही दुखणं राहिलं, सूज किंवा ताप आला, तर लगेच या. नाहीतर जाईल आपोआप."

"कधी?"

"एखाद-दोन वर्षांत."

हे त्यांनी 'बसा दोन मिनिटं' म्हणावं तितक्या सहज सांगितलं. त्यांना कुणी रात्री हाक मारत नसावं.

पण खरा घोटाळा पुढेच होता. 'वाढीचं दुखणं' हे शब्द तिच्यासमोर उच्चारले गेले होते. आमच्या दाराच्या चौकटीवर ती उभी राहायला लागल्यापासूनच्या उंचीच्या रेघा आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौकटीला पाठ लावून ताठ उभी. "मोज."

"अगं, मागच्याच आठवड्यात मोजली."

"पण काल रात्री दुखले ना! दोन्ही दुखले."

मोजलं. पेन्सिलीची नवी रेघ जुन्या रेघेवर बसली. तिने मान वळवून बघितलं आणि जी नजर माझ्यावर टाकली, ती मापात मारणाऱ्या माणसावर टाकायची असते. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सहा वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. भागिले 365 केलं की दिवसाला जेमतेम 0.15 मिलिमीटर येतात. पेन्सिलीची रेघच त्याहून जाड. हे गणित मी तिला मन लावून समजावलं. ती म्हणाली, "मग बारीक पेन्सिल आण."

म्हणून मी जरा वाचत बसलो, या वेळी दिवसाढवळ्या. तेव्हा कळलं की हे नावच मुळात फसवं आहे. वाढीमुळे होणारं दुखणं ही कल्पना 1823 साली मार्सेल द्युशाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मांडली आणि ती जी चिकटली ती चिकटलीच. प्रत्यक्षात मूल सगळ्यात झपाट्याने वाढतं ते पहिल्या वर्षात, जवळजवळ पंचवीस सेंटिमीटर. तेव्हा ही रडायची खरी, पण पायांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. दुखणं सुरू होतं ते वाढ मंदावल्यावर. शिवाय हाड लांब होतं ते टोकांशी, आणि दुखतात मांड्या नि पोटऱ्या. खरं कारण काय, यावर एकमत नाही. दिवसभरच्या उड्यांनी पाय शिणत असावेत, हा एक अंदाज. आणि ते घराण्यातून येतं, असंही म्हणतात.

घराण्याचं वाचल्यावर मी आईला फोन केला.

"म्हणजे काय! तुझे पाय तुझ्या वडिलांनी तीन वर्षं चेपले. रोज रात्री भोंगा. सकाळी विचारलं की म्हणायचास, कुठला पाय?"

मला यातलं अक्षर आठवत नाही. फितूर साक्षीदारांचं घराणंच आमचं.

"मग तुम्ही त्याला काय म्हणायचात?"

"काय म्हणणार? दिवसभर हुंदडलास, आता भोग, असं मी म्हणायचे. ते काहीच म्हणायचे नाहीत. चेपायचे."

सध्या आम्ही झोपण्यापूर्वी पाय ताणायचे व्यायाम करतो. भिंतीला हात टेकायचे, एक पाय मागे, टाच जमिनीला, पोटरीला ताण बसेपर्यंत पुढे रेलायचं. काही मुलांना याने फरक पडतो म्हणतात. तिला वाटतं आम्ही भिंत ढकलतोय. "हलली का रे?" असं ती दर वेळी विचारते. तिला चौकटीवरची रेघही हलायला हवी असते आणि भिंतही. दोन्ही आपल्या जागी.

परवा रात्री पुन्हा हाक आली. चेपता चेपता मी म्हटलं, आता खरं ते सांगून टाकू.

"ऐक. ते नाव चुकीचं आहे. पाय दुखले म्हणून उंची वाढत नाही."

बराच वेळ ती गप्प. मला वाटलं, झोपली.

"मग त्याचं खरं नाव काय?"

"खरं नाव कुणालाच सापडलेलं नाही अजून."

तिने विचार केला. मग म्हणाली, "बाबाला उठवायचं दुखणं." आणि दुसरा पाय पुढे केला.