डोळे फार खाली गेले

काल सकाळी डोक्यात गेलेले काका अजून उतरत नाहीत.

चित्र सुधारायचं तर रोज काढा आणि समोर बघून काढा, असं जो तो सांगतो. फोटोवरून नको, फोटोत सगळं आधीच सपाट झालेलं असतं. आता मुंबईत समोर स्वस्थ बसणारा माणूस आणायचा कुठून? लोकलमधून. तोही झोपलेला. म्हणून मी ठाण्याहून स्लो पकडतो, चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवतो आणि वही काढतो.

कालच्या खिडकीतल्या गृहस्थांनी भांडुपलाच मान टाकली. हनुवटी छातीवर, बॅग पोटाशी, एक बोट बॅगेच्या चेनमध्ये अडकवलेलं. मान अशी पुढे पडली की टाळूच मोठी दिसते आणि डोळे, नाक, तोंड खाली उरलेल्या जागेत दाटीवाटीने बसतात. हेच तर शिकायचं असतं! टाळूची गोलाई जमत आली होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

"डोळे फार खाली गेले."

हँडलला लटकलेले काका. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात पास.

म्हटलं, "काका, माणूस सरळ बसला तरी डोळे डोक्याच्या मधोमधच येतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत मोजून बघा."

"काहीतरीच. डोळे कपाळाखाली असतात."

"कपाळाखालीच काढलेत."

"मग कपाळ केवढं हे!"

"ते कपाळ नाही, टाळू आहे."

"माझ्या पुतण्याला इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे. दहावीला मार्क वाढले त्याचे. त्याचे डोळे कधी असे खाली येत नाहीत."

यावर काय बोलणार? मी हात ताणून पेन्सिल उभी धरली आणि अंगठा सरकवत टाळू ते भुवई माप घेतलं. काकांना हा पुरावा पटला नाही. त्यांनी वाकून गृहस्थांचा खांदाच हलवला. "अहो, उठा जरा. डोकं वर करा. हे तुमचे डोळे चुकीचे काढतायत."

"दादर आलं?"

"विद्याविहार. तुमचं चित्र चाललंय."

गृहस्थांनी कंगवा काढला, भांग पाडला, वरचं बटण लावलं आणि आधार कार्डावर असतो तसला चेहरा करून माझ्याकडे बघत बसले.

"काढा की," काका म्हणाले. "तयार आहेत ते."

जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८५७ पासून मुलं चित्रकला शिकतायत. तिथे मॉडेल बसवतात आणि मॉडेलला कोणी उठवत नाही. १८८८ च्या व्हीटी स्टेशनवरच्या कोरीवकामात तिथल्या विद्यार्थ्यांचा हात आहे. खाली उभं राहून "माकडाची शेपटी आखूड झाली" म्हणणारे तेव्हाही असणारच, पण ती मुलं निदान परांचीवर उंच होती! आम्ही नोकरदारांनी बसायचं कुठे? बागेला दुपारी कुलूप. मॉलमध्ये वही उघडली की गार्ड विचारतो, "परमिशन आहे का?" त्याच्या पाठीमागे लोक अख्ख्या मॉलचं शूटिंग करत असतात, ते चालतं. पेन्सिल दिसली की मात्र सगळ्यांना कायदा आठवतो.

गृहस्थांनी वही मागून घेतली. "मला टक्कल कुठे आहे?"

"तेच मी म्हणतोय मघापासून," काका म्हणाले.

दादरला गृहस्थ उतरले. शेजारचे दोघे सरकायच्या आत काकांनी खिडकी पटकावली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्या वहीकडे बोट दाखवलं.

"माझं काढायचं नाही हं. न विचारता कोणाचं काढू नये."