फुलीगोळा

आमचे चिरंजीव इंजिनीअरिंगसाठी पुण्याच्या होस्टेलवर गेले आणि त्यांच्या खोलीत तीन वस्तू मागे राहिल्या: पिंजलेली गादी, शाम्पूच्या चार अर्धवट बाटल्या आणि व्हिडिओ गेम खेळायचं प्लेस्टेशन. गादी भंगारवाल्याला दिली. शाम्पू मी संपवतेय. प्लेस्टेशन नीट चालतंय ना, एवढंच बघावं म्हणून एका शनिवारी रात्री लावलं. त्याला आता चार महिने झाले.

खेळाचं नाव सांगत नाही. बनवणाऱ्यांनाही आईवडील असतील. डोंगर, नद्या, कुरणं, गावं, सगळं मैलोन्‌मैल पसरलेलं. कुठेही जा, काहीही कर. मला एक योद्धा, एक तलवार आणि एक घोडा मिळाला. पहिले दोन दिवस मी लढाईच्या वाटेलाच गेले नाही, नुसती रपेट केली. आमच्या ठाण्याच्या घोडबंदरला एके काळी घोडे उतरायचे म्हणून ते नाव पडलं म्हणतात. आता त्या रस्त्यावर मेट्रोच्या खांबांमधून स्कूटी काढत मानपाड्याहून स्टेशन गाठायचं, तर माणूससुद्धा वेळेवर उतरत नाही. त्यामुळे कापूरबावडीचा सिग्नल नसलेलं जग बघून मला भरून आलं होतं.

मग मी त्रिकोण दाबला.

हातातल्या कंट्रोलरवरचं हे त्रिकोणाचं बटण दाबलं की घोड्यावर बसता येतं. त्रिकोणानेच दार उघडतं, औषधी पाला तोडला जातो, मेलेल्याचे खिसे चाचपले जातात, आणि समोर जिवंत माणूस असेल तर त्याचा गळा धरला जातो. यातलं नेमकं काय करायचं ते आपण कुठे उभे आहोत, तोंड कुठे आहे, यावरून खेळ परस्पर ठरवतो. विहिरीपाशी एका आजींनी मला जखमेवरचा लेप दिला, आशीर्वाद दिला. मी वळले, घोड्याशी गेले, त्रिकोण दाबला. आजीही त्याच क्षणी वळल्या होत्या. पुढच्या मिनिटाला अख्खं गाव कोयते घेऊन माझ्या मागे.

रात्री साडेअकराला पुण्याला फोन लावला.

"आई, घोड्याच्या जवळ जाऊन दाबायचं."

"जवळच होते रे. आजी मध्ये आल्या."

"मग आधी कॅमेरा फिरवून घोडा मधोमध आणायचा ना."

"आणि तोवर त्यांना काय सांगू, जरा बाजूला व्हा?"

"तू एवढ्या रात्री का खेळतेयस?" असं त्याने विचारलं. दहावीच्या वर्षी हेच वाक्य मी त्याला रोज ऐकवायचे, त्यामुळे फोन ठेवला.

त्यातून ते फुलीचं बटण. आमच्या शाळेत वहीवर लाल फुली आली की उत्तर चुकलं. इथे फुली म्हणजे 'हो' आणि गोल म्हणजे 'नको'. मला वाटलं आपलंच वय झालं, पण चिरंजीवांनी सांगितलं की ज्या जपानी डिझायनरने ही चिन्हं ठरवली, त्या गोतो तेइयू यांच्या मनात गोल म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही' असंच होतं. जपानात बरीच वर्षं तसंच चाललं. बाहेरच्या देशांत मात्र उलटं झालं आणि 2020 साली प्लेस्टेशन 5 आल्यावर जपान्यांनाही फुलीला 'हो' म्हणावं लागलं. म्हणजे आमच्या बाई बरोबर होत्या. पण "जुना खेळ पुसून नवा सुरू करायचा का?" या प्रश्नाला मी ठामपणे फुली मारली होती, आणि अकरा तासांची मेहनत गेली ती गेलीच.

लढाईत तर माझे हात आणि त्या योद्ध्याचे हात यांची ओळखच नाही. उजव्या अंगठ्याने वार करायचा आणि त्याच अंगठ्याने कॅमेराही फिरवायचा. म्हणजे शत्रूला मारेन तर तो दिसत नाही, आणि बघेन तर मारता येत नाही. यावर उपाय म्हणून एकाच शत्रूवर नजर खिळवून ठेवायची सोय असते. 1998 साली निन्टेंडो कंपनीच्या झेल्डा नावाच्या एका खेळाने ती रूढ केली म्हणतात. ती मी वापरते. समोर तीन जण तलवारी उपसून उभे असताना माझी नजर लांबच्या टेकडीवरच्या एकुलत्या तिरंदाजावर खिळते आणि आमचा वीर त्या तिघांकडे पाठ करून त्याच्याकडे प्रेमाने बघत राहतो.

शिवाय कंट्रोलरवरची डावी काठी आत दाबली की तो लपण्यासाठी खाली बसतो. मी घाबरले की काठी घट्ट दाबते. म्हणजे दरोडेखोर अंगावर आला की आमचा योद्धा त्याच्यासमोर मटकन उकिडवा.

"याला काय पोटाचं काही आहे का?" यांनी पेपरामागून विचारलं.

आणि पॅरी, म्हणजे वार अडवणं. शत्रूचा वार अंगावर पडता पडता एल-वन हे बटण दाबायचं; त्याला मिळतात पडद्यावरच्या सेकंदाच्या साठ चित्रांपैकी बारा. डोळ्याने बघून बोट हलायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे पंधरा चित्रं. वार दिसल्यावर दाबलं तर उशीर झालेलाच असतो. तो निघायच्या आधी दाबायचं. हे मला न कळण्यासारखं नाही. ठाण्याला फास्ट लोकल थांबायच्या आत लेडीज डब्यात कोणत्या बाईच्या डाव्या कोपराखालून शिरायचं, हे मी बावीस वर्षं डोळ्यांनी न बघता करतेय. उतरणाऱ्यांचा लोंढा, माझी पर्स, डबा, छत्री, सगळं सांभाळून. मला तिथे कोणी आडवं पाडलेलं नाही. इथे एक काठीवाला चोर तीन फटक्यांत झोपवतो.

परवाची गोष्ट. दरोडेखोरांच्या म्होरक्याशी दरीच्या काठावर पंधराव्यांदा लढत होते. कुकर लावलेला, चार शिट्ट्यांवर बंद करा म्हणून यांना सांगितलेलं. म्होरक्याची अर्धी ताकद मी कधी नव्हे ती घालवली होती. शेवटी त्याने कुऱ्हाड उचलली, मी जीव खाऊन औषधाचं बटण दाबलं आणि अंगठा घसरून खालच्या बाणाच्या बटणावर पडला.

औषध नाही निघालं. आमच्या योद्ध्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवली.

शिट्टी ऐकून घोडा चौखूर उधळत आला. मी त्रिकोण दाबायच्या आतच, मधल्या म्होरक्याला त्याने छातीने असा धक्का दिला, की तो कुऱ्हाडीसकट दरीत गेला. पडद्यावर विजयाची अक्षरं आली. नगारे वाजले. मी उठून उभी राहिले, हातातला कंट्रोलर थरथरत होता की मी, ते कळेना.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"अगं, किती शिट्ट्या झाल्या?" यांनी पेपर खाली न करता विचारलं.

"एकच," मी म्हटलं.